वेताळाच्या जत्रेची पूर्वतयारी

बऱ्याच दिवसांनी इथे उगवतेय. "संपलं का तुझं लिहिणं?" असं दोघा-तिघांनी विचारलं. संपलं नाही, पण डोक्यात सध्या जुलै सोडून दुसरं काही शिरतच नाहीये. जुलै लांब आहे हे मलाही कळतं हो. पण अर्व्हाईनच्या आमच्या घरात गेल्या दिवाळीपासून जुलैच चालू आहे.

तर बातमी अशी की जुलै २०२६ मध्ये आम्ही बाबांना सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनला नेणार आहोत.

आता सांगलीकर काका-मावशी मंडळींसाठी थोडं स्पष्टीकरण. (बाकीच्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल.) कॉमिक-कॉन म्हणजे कॉमिक्स, सिनेमे, मालिका, खेळणी या सगळ्याच्या वेड्यांचा मेळा. १९७० च्या मार्चमध्ये तिथल्या यू. एस. ग्रँट हॉटेलात जेमतेम शे-दीडशे लोकांनी एक दिवस जमून सुरुवात केली. त्यांना जुनी कॉमिक्स विकत घ्यायची होती, विकायची होती आणि चित्रकारांना भेटायचं होतं, बस्स. १९९१ पासून हे सगळं खाडीकाठच्या भल्यामोठ्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरतं आणि आता सव्वा लाखाच्या वर माणसं येतात. निम्मी तर कुठली ना कुठली सोंगं घेऊन. आपल्याकडच्या जत्रेत पाळणे असतात, इथे सिनेमा कंपन्यांचे मंडप. धक्काबुक्की साधारण तीच.

यात बाबा कुठून आले? बाबा वेताळामुळे आले.

बाबांचा जन्म १९५४ चा. टाइम्स ऑफ इंडियाचं इंद्रजाल कॉमिक्स निघालं मार्च १९६४ मध्ये आणि पहिलाच अंक वेताळाचा, त्याच्या पट्ट्याच्या गोष्टीचा. म्हणजे बाबा तेव्हा बरोबर दहा वर्षांचे, वेताळ अंगात यायला याहून योग्य वय नाही! १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं तेव्हा बाबा दोन मुलांचे बाप होते आणि तरीही अंक घेत होते. सांगलीच्या घरी लोखंडी ट्रंकेत अजून सत्तेचाळीस अंक आहेत. बाकीचे वाळवीने वाचले.

मी इथे आल्यावर एकदा त्यांना फोनवर सहज सांगितलं की बाबा, तुमचा वेताळ राहतो ते 'डेंकाली' मूळ गोष्टीत नव्हतंच. लोकांना आपल्या बंगालची आठवण होईल असं तिथलं नाव होतं, ते इंद्रजालवाल्यांनी बदललं. आणि ते समुद्री चाचे मुळात 'सिंग' होते, आपल्याकडे त्यांचं 'सिंगा' झालं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "म्हणजे पन्नास वर्षं मी चुकीच्या देशात राहत होतो की काय?" त्या दिवसापासून त्यांना मूळ अमेरिकन अंक हातात धरून बघायचे आहेत. स्क्रीनवर नाही, हातात. मी इंटरनेटवर चित्रं दाखवली तर म्हणाले, "हे म्हणजे जेवणाचा फोटो झाला."

गंमत म्हणजे वेताळाला त्याच्याच माहेरी फारसं कोणी ओळखत नाही. ली फॉकने १९३६ मध्ये त्याला जन्माला घातला न्यूयॉर्कमध्ये बसून, पण त्याला डोक्यावर घेतलं ते आपण, ऑस्ट्रेलियाने आणि स्वीडनने. माझ्या ऑफिसातल्या तिशीच्या पोरांना 'फँटम' म्हटलं की चेहरे कोरे. १९९६ चा सिनेमाही पडला. त्यामुळे कॉमिक-कॉनमध्ये वेताळाचा मंडप वगैरे असेल अशी काही आशा नाही. पण प्रदर्शनाच्या त्या अवाढव्य दालनात एक भाग जुनी कॉमिक्स विकणाऱ्यांचा असतो. पांढरी लांबट खोकी, त्यांत प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेले अंक, आणि माणसं बोटांनी एकेक अंक पुढे सारत उभी. आम्हाला जायचंय ते तिथे. वेताळाचे अंक तिकडे १९६२ पासून आधी गोल्ड की, मग किंग, मग चार्लटन असे तीन प्रकाशकांनी काढले. बाबांनी एका वहीत तीन रकाने आखलेत.

आता तिकिटाची कथा ऐका.

इथे तिकीट खिडकी नाही. तिकीटही नाही, 'बॅज' असतो, आणि तो आयत्या वेळी दारावर मिळत नाही. पुढच्या जुलैचे बॅज आदल्या वर्षाच्या शेवटाकडे विकले जातात. त्याआधी प्रत्येकाने स्वतःच्या नावाचं खातं उघडून मेंबर आयडी घ्यायचा. प्रत्येकाने म्हणजे बाबांनीसुद्धा. बॅज एकदा नावावर झाला की दुसऱ्याला देता येत नाही, आणि नाव ओळखपत्राशी जुळायला हवं. बाबांचं नाव पासपोर्टवर एक, बँकेत दुसरं आणि त्यांच्या सहीत तिसरं! कुठलं नाव कुठल्या चौकटीत यावर आमचा पन्नास मिनिटांचा फोन झाला. त्यात खात्री करून घेणारी ईमेल स्पॅममध्ये गेलेली. "बाबा, स्पॅममध्ये बघा." "ते काय असतं?" "कचरापेटी." "मग कचरापेटीत का टाकली त्यांनी?" असो.

विक्रीच्या दिवशी सकाळी नऊला (सांगलीत रात्रीचे साडेनऊ) आम्ही तीन घरची माणसं तीन कॉम्प्युटरांसमोर. यात आधी येईल त्याला आधी मिळेल असं काही नसतं. सगळे एका 'वेटिंग रूम'मध्ये बसतात आणि यंत्र चिठ्ठ्या टाकल्यासारखी कुणाचीही निवड करतं. ज्याचा नंबर लागेल त्याला स्वतःला धरून तिघांचे बॅज घेता येतात, म्हणून एकमेकांचे मेंबर आयडी लिहून ठेवायचे आणि देवाचं नाव घ्यायचं. बाबांनी मला पूर्वी सांगितलं होतं की आमच्या लहानपणी दिवाळीच्या रिझर्वेशनला ते पहाटे चारला मिरज स्टेशनवर रांग लावायचे. तेव्हा निदान पुढच्या माणसाचं डोकं दिसायचं. इथे फक्त एक गोल फिरत असतो आणि आपला नंबर शंभरावा आहे की लाखावा, काही कळत नाही. मला विचाराल तर मिरजेची रांग बरी.

तास उलटून गेल्यावर फ्रीमॉन्टच्या मैत्रिणीचा नंबर लागला. तोवर शनिवार आणि शुक्रवार संपले होते. गुरुवार आणि रविवार मिळाले, २३ आणि २६ जुलै. बाबांना साठीच्या वरची सवलत, माझी लेक नऊ वर्षांची म्हणून मोठ्या माणसाबरोबर फुकट, आणि मधल्या पिढीला नेहमीप्रमाणे पूर्ण पैसे. :)

मी जरा हिरमुसून सांगलीला फोन केला की शनिवार गेला. आई कॅलेंडर घेऊनच बसली होती. म्हणाली, "बरं झालं गेला. पंचवीसला आषाढी आहे." खरंच की, २०२६ ला ज्येष्ठ अधिक असल्यामुळे एकादशी लांबून नेमकी त्या शनिवारी आली आहे. मग तिचं ठेवणीतलं वाक्य: "लोक आषाढात विठोबाला जातात, हे चाललेत वेताळाला." बाबांनी फोनवरच जाहीर केलं की शनिवारी उपास करून हॉटेलात बसेन, रविवारी पुन्हा वेताळ.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. आता जे लिहितेय ते घरातल्या काहींना माहीत आहे, काहींना नाही.

बाबांना काचबिंदू आहे. चार वर्षांपूर्वी निदान झालं, तेव्हाच डाव्या डोळ्याचं बरंच गेलेलं होतं. मोतीबिंदूसारखं काढून टाकलं की पुन्हा दिसायला लागलं असं यात नसतं. गेलेलं परत येत नाही, रोजचे थेंब फक्त उरलेलं राखायचं काम करतात. आणि त्याची चोरी विचित्र असते. तो बहुतेक वेळा आधी कडेकडेचं नेतो. मधलं शेवटपर्यंत राहतं, त्यामुळे माणूस वाचत असतो, टीव्ही बघत असतो, आणि त्याला वाटतं सगळं ठीक आहे. बाबा पेपर अजून चष्म्याने नीट वाचतात. पण दाराची चौकट खांद्याला लागते. बाजारात डावीकडून आलेली स्कूटर त्यांना ती समोर येईपर्यंत दिसली नाही, हे आईने मला बऱ्याच उशिरा सांगितलं.

म्हणून दादाचा या बेताला विरोध आहे, आणि तो उगाच नाही. पुण्याहून त्याने मला शांतपणे विचारलं, "ज्या माणसाला शेजारचा दिसत नाही त्याला तू सव्वा लाखाच्या गर्दीत नेणार? हवे ते अंक विकत घे, इथे पाठव. पैसे मी देतो." याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. आत्ताही फारसं नाही. जुलैपर्यंत डोळे कसे राहतील हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत, ते फक्त सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी म्हणतात. फोन स्पीकरवर होता आणि बाबा तिथेच बसलेत हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. मधूनच त्यांचा आवाज आला, "अरे, मला मधलं दिसतंय. कॉमिक मधेच धरून वाचतात."

त्यावर दादा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने परदेशी आजारपणाच्या विम्याचे चार कागद पाठवले, आधीपासूनच्या आजारांच्या कलमांवर पिवळ्या खुणा करून. आमच्याकडे होकार असाच येतो.

तेव्हापासून माझं नियोजन बदललं. आधी मी इतरांसारखीच हॉल एचची स्वप्नं बघत होते. तो म्हणजे साडेसहा हजार खुर्च्यांचा मुख्य हॉल, जिथे मोठ्या सिनेमांचे लोक येतात. आदल्या दिवशी मनगटाला पट्टी बांधून घ्या, मग पहाटेपासून रांगेत बसा. एक कार्यक्रम संपला म्हणून हॉल रिकामा करत नाहीत, त्यामुळे संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी लोक सकाळपासून भलतंच काहीतरी बघत खुर्ची अडवून असतात. २०१० मध्ये तर जागेवरून दोघांची जुंपली आणि एकाने दुसऱ्याच्या डोळ्याजवळ पेन खुपसलं. डोळ्याजवळ! हॉल एचवर मी तिथेच काट मारली.

आता दिवसाचा बेत असा. सकाळी जुन्या कॉमिक्सवाल्यांकडे, सिनेमावाल्यांच्या मंडपांना वळसा घालून. वर सेल्स पॅव्हिलियन नावाचा उंच छताचा मोकळा भाग आहे, तिथे दुपारी टेकायचं आणि थेंब घालायचे. तीननंतर सरळ बाहेर. हॉटेल मुद्दाम लांबचं, मिशन व्हॅलीतलं धरलंय, कारण तिथून ट्रॉली थेट कन्व्हेन्शन सेंटरच्या दारात सोडते. आमच्या गावाहून सॅन डिएगोला समुद्राकाठची छान रेल्वे आहे, पण सॅन क्लेमेंटीजवळ दरडी कोसळून ती २०२२ पासून अधूनमधून बंद पडत आलीय. (कोकण रेल्वेवाल्यांना वेगळं सांगायला नको.) म्हणून गाडीचाही बेत तयार ठेवलाय.

लेकीची नेमणूक बाबांच्या डाव्या बाजूला झाली आहे. पदाचं नाव 'डावी बाजू', पगार एक आइस्क्रीम. तिला यातलं सगळं माहीत आहे. मुलांना सांगितलं की ती मोठ्यांपेक्षा कमी घाबरतात असा माझा अनुभव आहे. ती आजोबांसाठी कवटीची अंगठीही करतेय, चौथा प्रयत्न चालू आहे. तिकडे आई दर आठवड्याला बाबांना बाजारात नेते आणि डावीकडून चालते. त्याला ती रंगीत तालीम म्हणत नाही, भाजी आणायला गेलो म्हणते.

एकच गोष्ट अजून ठरत नाहीये. कमी दिसणाऱ्यांसाठी, अपंगांसाठी कॉमिक-कॉनचा वेगळा मदत कक्ष आहे. तिथे नोंद केली तर बरंच सोपं होईल. बाबा नको म्हणतात. पांढरी काठीही नको. "मी बघायला चाललोय, दाखवायला नाही," असं त्यांचं म्हणणं. मी दोनदा विषय काढला, दोनदा त्यांनी वही उघडून चार्लटनच्या रकान्यात काहीतरी लिहायला घेतलं. जून उजाडेपर्यंत तिसऱ्यांदा काढेन. आई म्हणते, "त्यांचं तिथे गेल्यावर ठरेल, तू आत्ता नको ठरवू." आयुष्यभर "जुलैचं आत्ता कशाला?" म्हणणारी बाई ती, तिच्याकडून दुसरं काय येणार? पण विमानाचं तिकीट तारीख बदलता येईल असं घे, हेही तिनेच सांगितलं.

तर मंडळी, तुमच्यापैकी कुणी वयस्कर माणसाला घेऊन अशा गर्दीत गेलं असेल तर जरूर लिहा. बूट कुठले, पाणी किती, बसायला घडीची खुर्ची आत नेऊ देतात का, काहीही चालेल. कुणाच्या माळ्यावर इंद्रजालचे मराठी अंक पडून असतील तर तेही कळवा, बाबा अदलाबदलीला तयार आहेत. आणि नातेवाइकांना विशेष विनंती: सांगलीला फोन केलात तर डोळ्यांचं विचारू नका, यादीचं विचारा. काल रात्री ती सतराव्या अंकावर होती, आणि गोल्ड कीचा रकाना भरल्यामुळे मागच्या पानावर गेली आहे.