आठवा

सात जणांनी एक तीळ करंडून खाल्ला, ही गोष्ट आपल्याला फार आवडते. घरात किती एकोपा आहे हे सांगायचं झालं की आजीबाईपासून प्रचारसभेतल्या पुढाऱ्यापर्यंत सगळे त्या तिळाला कामाला लावतात. माझ्या डोक्यात मात्र संक्रांतीपासून या गोष्टीतला आठवा माणूस बसला आहे, ज्याला तिळाची अ‍ॅलर्जी आहे असा. तो त्या पंगतीत होता का? असला, तर त्यानं ‘मला नको’ म्हटल्यावर बाकीच्यांनी काय केलं? रुसले? की म्हणाले, ‘अरे, एवढ्याशानं काय होतंय?’

एवढंसं म्हणजे किती, ते मी काढून बघितलं. आयुष्यभर गणित शिकवलं की असले खुळे नाद लागतात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक तीळ ठेवला तर काटा त्याची दखलही घेत नाही. म्हणून हजार तिळांचं वजन धरायचं. ते साधारण तीन ग्रॅम भरतं, म्हणजे एक तीळ तीन मिलिग्रॅमचा. अ‍ॅलर्जी होते ती त्यातल्या प्रथिनामुळे, आणि ते असतं पाचव्या हिश्श्याहून थोडं कमी. अर्धा मिलिग्रॅम म्हणू. सातांनी वाटून घेतला की एकेकाच्या वाट्याला येतं ०.०७ मिलिग्रॅम. आता ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅलर्जन ब्युरोनं तिळासाठी जी रेष आखली होती ती ०.१ मिलिग्रॅमची. तिळाची अ‍ॅलर्जी असलेल्या शंभरांतल्या एखाद्यालाच एवढ्यानं काही व्हायला लागतं, तेही बहुधा सौम्य. म्हणजे आपल्या म्हणीतला वाटा त्या रेषेच्या जेमतेम आत बसतो. सातांऐवजी पाच पांडवांनी तो तीळ वाटून घेतला असता तर बरोबर रेषेवर आला असता! पुढे जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी जरा सैल हातानं दोन मिलिग्रॅम सुचवले. ते झाले चार तीळ.

आणखी एक. अख्खा तीळ न चावता गिळला तर तो कवचासकट तसाच पोटातून पुढे जाऊ शकतो. दातांनी फोडला, कुटला, वाटला की प्रथिन मोकळं होतं. तेव्हा त्या सातांनी तो करंडला हेच मुळात धोक्याचं. इतका बारीक विचार म्हण करणाऱ्या माणसानं केला नसणार हे मला कळतं. पण आता हा हिशेब डोक्यातून जात नाही, त्याला काय करणार?

हिशेबाचा तसा उपयोगही नाही. शंभरांचा आकडा शंभरांना लागू. माझ्या नातवाची रेष कुठे आहे ते त्याच्या डॉक्टरांनाही सांगता येत नाही. आम्हाला फक्त ती कुठे ओलांडली गेली होती एवढं माहीत आहे. बोरनहाणाला त्याला काळं झबलं घातलं होतं, गळ्यात हलव्याचा हार, हातात हलव्याचं कडं. पाटाभोवती बोरं, उसाचे करवे, चुरमुरे गोळा करायला शेजारची पोरं टपून बसली होती. हा शांतपणे हाराचा एक पदर तोंडात धरून चोखत होता. साखर विरघळली की आत तीळच असतो. आधी वरचा ओठ सुजला, मग कानामागे गांध्या उठल्या, मग खोकला सुरू झाला. दवाखाना गल्लीच्या तोंडाशी होता. तिथल्या डॉक्टरांनी एका शब्दाचीही वाट न पाहता मांडीत अ‍ॅड्रेनालिन टोचलं.

तेव्हापासून घरातला तीळ आम्ही शोधून काढला. किती ठिकाणी निघावा? भोगीच्या बाजरीच्या भाकरीवर, चकलीत, बाकरवडीत, गोड्या मसाल्यात, म्हणजे रोजच्या आमटीत. नागपुरात मोठ्या हौसेनं करतात त्या पुडाच्या वडीच्या सारणातही अनेकजणी घालतात. तीळ या देशातलाच. हडप्पाच्या उत्खननातही तो सापडला आहे. इतक्या जुन्या ओळखीच्या माणसाशी एकाएकी बोलणं बंद करावं तसं वाटलं.

जमिनीवर हे सगळं जमतं. विमानात बसायचं म्हणजे घराबाहेरच्या दीडशे-पावणेदोनशे माणसांबरोबर एका बंद नळीत बसायचं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या पिशवीत संक्रांतीच्या आठवड्यात लाडूंचा डबा असणार. नागपूर ते पुणे सव्वा तासाच्या आसपासचा प्रवास. लेक सोबत एका पाकिटात अ‍ॅड्रेनालिनच्या कुप्या, सिरिंजा आणि डॉक्टरांची चिठ्ठी ठेवते. परदेशात यासाठी मांडीवर दाबायचं तयार पेन मिळतं, आपल्याकडे ते सहजासहजी हाती लागत नाही. म्हणून सिरिंजवर मार्करनं रेघ ओढली आहे, इथपर्यंत भरायचं. सोनेगाव विमानतळावरच्या तपासणीत जवानानं चिठ्ठी दोनदा वाचली, पोराकडे बघितलं, ‘बच्चे का है?’ म्हणाला आणि पाकीट स्वतःच्या हातानं परत आत ठेवलं.

जागेवर बसताच लेकीनं ओल्या वाइप्सनं समोरचा ट्रे, पट्ट्याचं बक्कल, हातांचे टेके, खिडकीची कड, सगळं पुसून काढलं. मी म्हटलं, विमानातल्या बाईंना सांगून माइकवर विनंती करायला लावू या का, कुणी तिळाचं काही उघडू नका म्हणून? लेक म्हणाली, नको आई. तिनं वाचलेलं होतं. विमानातली हवा छतातून खाली येते आणि बहुतेक आपल्याच रांगेच्या आसपास फिरून फरशीकडे जाते, पुढून मागे वाहत नाही. तीन-चार मिनिटांत सगळी हवा बदलते. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाच्या सांगण्यावरून झालेला २०२४चा आढावाही तेच सांगतो: शेंगदाणे, सुकामेवा यांचे कण हवेतून विमानभर पसरतात याला पुरावा नाही. धोका आहे तो आधीच्या प्रवाशाच्या बोटांनी ट्रेवर ठेवून गेलेल्या कणांचा. म्हणून पुसायचं.

म्हणजे विनंती करायची गरजच नव्हती. तरी माझं मन काही मानेना. गरज नसली तरी सांगावं, की गरज नसताना सांगणं म्हणजे लोकांच्या सणावर आपला विरजणाचा थेंब टाकणं? शेजारच्या काकूंनी तेवढ्यात डबा उघडला होता. ‘घे रे बाळा, तीळगूळ घे.’ लेक म्हणाली, ‘काकू, त्याला तीळ चालत नाही हो, त्रास होतो.’ ‘अगो बाई, एवढ्याशानं काय होतंय?’ त्यांच्या आवाजात प्रेमाखेरीज काही नव्हतं. लेकीनं पुन्हा नको म्हटलं. काकूंनी डबा बंद केला. पुण्यापर्यंत त्यांनी स्वतःही एक लाडू खाल्ला नाही. तो त्यांचा समजूतदारपणा होता की राग, हे मला अजून ठरवता येत नाही. नातू मात्र तोंड वर करून म्हणाला, ‘गोड बोला.’

अशा वेळी मला नताशा एडनन-लापरूज आठवते. पंधरा वर्षांची मुलगी, जुलै २०१६, लंडनहून नीसला निघालेली. हीथ्रोवर घेतलेल्या बगेटच्या पाकिटावर तिळाचा उल्लेख नव्हता. तीळ पावाच्या पिठातच मळला होता. विमानात तिच्या वडिलांनी अ‍ॅड्रेनालिनची दोन पेनं टोचली. ती वाचली नाही. तिच्या आईवडिलांच्या पाठपुराव्यामुळे १ ऑक्टोबर २०२१पासून ब्रिटनमध्ये दुकानातच तयार करून बांधलेल्या पदार्थांवरही सगळे घटक लिहिणं सक्तीचं झालं. पण ही गोष्ट मला धीर देते की घाबरवते? तिनं सगळं बरोबर केलं होतं. पाकीट वाचलं, पेनं जवळ होती, वडील शेजारी होते.

खाली विदर्भ सरकत होता आणि माझा विचार भलतीकडेच गेला. आम्ही नागपूरकर आमच्या मध्यवर्तीपणाचा फार तोरा मिरवतो. शून्य मैलाच्या दगडाबद्दल जे सांगितलं जातं त्यातलं किती खरं, तो वेगळा विषय, पण विमानांच्या बाबतीत ते खरंच आहे. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांची विमानं मध्यरात्री सोनेगावला एकत्र यायची, थैल्या आणि उतारू बदलून घ्यायची आणि आपापल्या दिशेला परत फिरायची. आज ती सेवा नाही, पण दिल्लीहून बंगळूर, हैदराबाद, चेन्नईकडे जाणारी कितीतरी विमानं आमच्या डोक्यावरून जातात आणि आत कुणाला छातीत दुखलं, कुणाचा श्वास अडकला की इथे उतरतात. वर्तमानपत्रात अशी बातमी आली नाही असा महिना विरळा.

त्यातली एक मला सोडत नाही. २७ ऑगस्ट २०२३, बंगळूर-दिल्ली विमान. जन्मजात हृदयविकार असलेल्या दोनेक वर्षांच्या मुलीचा श्वास थांबला. दिल्लीच्या एम्सचे पाच डॉक्टर त्याच विमानानं परत निघाले होते. त्यांनी पाऊण तास झुंज देऊन, हाताशी होती तेवढ्या साधनांवर, तिचं हृदय पुन्हा चालू केलं आणि विमान नागपुरात उतरवून तिला इथल्या डॉक्टरांच्या हवाली केलं. देशभर कौतुक झालं. चार दिवसांनी ती नागपुरातच गेली. ती बातमी आतल्या पानावर, छोटी.

त्या मुलीची आणि माझ्या नातवाची दुखणी वेगळी. पण बाकी विमानांसाठी आमचं गाव म्हणजे खाली उतरायची जागा, आणि आम्ही नागपूरहून निघतो तेव्हा तीच जागा मागे सोडून वर जातो. बुलढाण्याच्या आसपास कुठेतरी असताना हे सुचलं आणि मी लेकीच्या मांडीवरचं ते पाकीट उगाच चाचपून बघितलं. लेक न बघताच म्हणाली, ‘आहे, आई.’

पोराला अशा विमानात न्यावंच का, असं जावयाच्या आईंनी विचारलं होतं. मला तेव्हा त्यांचा राग आला. आता येत नाही. पण त्यांचं पटतं असंही नाही. रेल्वेनं नेलं तर रात्रभराचा प्रवास, फलाटाफलाटावर विकायला येणारं खाणं आणि मधल्या स्टेशनांवर डॉक्टर मिळेलच याची खात्री नाही. न नेलं तर काका, चुलत भावंडं, पुणं, पुढे जग, सगळंच ‘नको’च्या यादीत जाईल. आणि चार वर्षांच्या पोराला नको म्हणायला शिकवावं तरी कसं? जगात प्रेम करणारी माणसं मोजकीच असतात, आणि ती हातात काहीतरी खायला ठेवूनच प्रेम करतात. मीही तेच करत आले आहे.

पाकीट वाचून भागेल म्हणावं, तर आपल्याकडच्या २०२०च्या लेबलिंग नियमांत पाकिटावर वेगळी सूचना द्यायच्या अ‍ॅलर्जीकारक पदार्थांची यादी आहे: ग्लुटेन असलेली धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, शेंगदाणे आणि सुकामेवा, सोयाबीन, सल्फाइट. तीळ नाही. अमेरिकेनं तो १ जानेवारी २०२३पासून घेतला. आपल्याकडे तिळाची अ‍ॅलर्जी कमी असेल म्हणून नसेल, किंवा कुणी मोजलीच नसेल.

तेव्हा नियमांचं जाऊ द्या. विमानात लाडू खायचा असेल तर खुशाल खा. फक्त नंतर हात साबणानं धुवा, नाहीतर ओल्या वाइप्सनं पुसा. सॅनिटायझरवर भागवू नका. त्यानं जंतू मरतात, पण शेंगदाण्यावर झालेल्या प्रयोगात प्रथिन हाताला तसंच चिकटून राहिल्याचं दिसलं आहे.