पस्तीस वर्षांनी वऱ्हाडच्या पंगतीला

अमरावतीत माझी उभी हयात गेली आणि वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत मी गिला वडा चाखलेला नव्हता. एरवी ही गोष्ट मला कधी खटकलीही नसती. परंतु उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून आलेल्या नातवाने एका दुपारी विचारले, "आजोबा, अमरावतीचा गिला वडा कसा लागतो हो? माझे मित्र मला विचारतात." डाळ आणि कच्चे दही एकत्र आले की द्विदल कसे होते आणि ते आपण का वर्ज्य मानतो, हे मी त्याला यथासांग समजावून सांगितले. त्याने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

हिशेब तपासणाऱ्याने वहीच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवावे, तसे ते वाक्य होते.

माझी बँकेची नोकरी अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांतच झाली. मूर्तिजापूर, दर्यापूर, अकोट, पुन्हा अमरावती असा तो प्रवास. पस्तीस वर्षे माझ्यासोबत एक तीन खणांचा स्टीलचा डबा आणि घरच्या गाळलेल्या पाण्याची बाटली असे. सहकारी चौकातल्या आलूबोंड्याच्या गाडीकडे निघाले की मी डबा उघडत असे. पीककर्जाच्या तपासणीला खेड्यात गेलो तरी तेच. कोणी जेवणाचा आग्रह केला की माझे उत्तर ठरलेले असे, "आमचे चालत नाही." या तीन शब्दांनी माझा नियम सांभाळला गेला, हे खरे. पण त्याच तीन शब्दांच्या आडोशाने मी किती ठिकाणी बसण्याचे टाळले, याचा जमाखर्च कधी मांडला नाही.

एक प्रसंग मात्र विसरता येत नाही. १९९४ च्या सुमारास दर्यापूर तालुक्यातील खारपाणपट्ट्यात मी एका शेतकऱ्याच्या कर्जाची तपासणी करायला गेलो होतो. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेला हा खाऱ्या पाण्याचा पट्टा. विहीर खणावी तर पाणी खारट, त्यामुळे सारी भिस्त पावसावर. साहेब येणार म्हणून त्या घरच्या बाईंनी रोडगे केले होते. रोडगा करणे म्हणजे पोळ्या लाटणे नव्हे. जाडसर कणकेच्या लहान लहान चकत्या तेल लावून एकावर एक ठेवायच्या, त्या एका मोठ्या पारीत बंद करून गोळा वळायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत उलटसुलट करीत तो आतपर्यंत भाजायचा. त्यात निम्मा दिवस जातो. सोबत वांग्याची भाजी होती. मी "आमचे चालत नाही" म्हणालो आणि जीपमध्ये बसून डबा उघडला. वांगे मला चालत नव्हते, ते बहुबीज. भाजीत लसूणही असणार. पण रोडगा? कणीक, तेल आणि विस्तव. त्यात न चालण्यासारखे काय होते, हे मी विचारलेसुद्धा नाही. त्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी काहीच म्हटले नाही, फक्त परात उचलून आत नेली.

नातवाच्या त्या वाक्यानंतर मी एक संकल्प केला. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी (बँकवाल्याला दुसरा शनिवार कसा सोडवेल?) या दोन जिल्ह्यांतील एका नव्या ठिकाणी जायचे आणि पूर्वी कधी न खाल्लेला एक पदार्थ खायचा. कंदमूळ नाही, सूर्यास्तानंतर नाही, चातुर्मासात पालेभाजी नाही. नियमाला कुठेही धक्का लावायचा नाही. मात्र "चालत नाही" हे शब्द विचारपूस झाल्याशिवाय उच्चारायचे नाहीत. सौ. म्हणाल्या, "महिनाभरात दमाल." मी एक जुनी रजिस्टर वही काढली आणि रकाने आखले.

पहिली खानावळ राजकमल चौकापासून पायी जाण्याच्या अंतरावर होती. सूर्यास्ताचा हिशेब सांभाळायचा म्हणून मी दुपारी साडेचार वाजता पोहोचलो. त्या वेळी खानावळीत कोणी जेवत नसते. मालक गल्ल्यावर पेंगत होता, एक मुलगा लादी पुसत होता. मी माझी यादी सांगितली. तो मुलगा हातातले फडके तसेच धरून ऐकत राहिला आणि म्हणाला, "कांदा नाई, लसन नाई, आलू नाई, मंग काका, खाता काय तुम्ही?" त्याच्या स्वरात चेष्टा नव्हती, त्याला खरोखर काळजी वाटली होती. आतून स्वयंपाक करणाऱ्या बाई बाहेर आल्या आणि त्यांनी एकेक पदार्थ मोजायला सुरुवात केली. त्या सांगत गेल्या, मी हो-नाही करीत गेलो. शेवटी ताटात आल्या ज्वारीच्या कण्या, वरून ताक, आणि जवसाची चटणी, लसणाशिवाय मुद्दाम कुटलेली. ज्वारी हे धान्य, कडधान्य नव्हे. म्हणून कण्यांवर ताक घ्यायला आपल्याला कसलीच आडकाठी नाही. गरम, मऊसर कण्या आणि वर थंड आंबट ताक. मी दोनदा मागून घेतल्या. वहीत नोंद केली : 'कण्या. नियमास बाधा नाही. पस्तीस वर्षे उगाच गेली.'

वाचकहो, आपल्यापैकी अनेक कुटुंबांच्या आडत दुकानांतून पिढ्यान्‌पिढ्या याच ज्वारीची आणि तुरीची पोती गेली. भाव आपल्याला तोंडपाठ असत, चव मात्र ठाऊक नसे. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, तेव्हा शहरांतल्या मोठ्या उपाहारगृहांच्या पत्रकांवर ज्वारी दिसू लागली आणि आपण ती कौतुकाने मागवू लागलो. वऱ्हाडातल्या चुलींवर ती कधी थांबलीच नव्हती.

अकोल्याची पहिली फेरी मात्र फसली. रस्ता उत्तम होता. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती ते अकोला या टप्प्यात ७५ किलोमीटरचा डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली, तोच हा राष्ट्रीय महामार्ग. पूर्वी याच वाटेने एसटीत हाडे खिळखिळी करून घेतलेल्या माणसाला त्याचे अप्रूप वाटणारच. अकोल्यात एका भोजनालयात मी बेसनाची पातळ भाजी मागितली. कांदा-लसूण नाही, असे दोनदा विचारून घेतले. पहिल्याच घासाला लसूण जिभेवर आला. मी ताट बाजूला सारले, पैसे दिले आणि उठलो. मालक धावत बाहेर आला. त्याला खरोखर वाईट वाटले होते. त्याचे म्हणणे असे की वरून लसूण घातलेला नव्हता, पण सकाळी वाटलेला मसाला तोच होता. दुसऱ्या दिवशी मी एकासन केले. सौ. म्हणाल्या, "आता बंद करा हे." त्या दिवशी मलाही तसेच वाटले.

पण त्या मालकाने नकळत एक गोष्ट शिकवली. खानावळीत दिवसभराचे वाटण सकाळीच एकदम होते आणि बहुतेक भाज्या त्याच वाटणावर उभ्या असतात. त्यामुळे 'कांदा-लसूण घालू नका' एवढे सांगून भागत नाही. वाटणच न लागणारा पदार्थ कोणता, हे विचारावे लागते. मोठ्या हॉटेलात 'जैन' हा एक शब्द उच्चारला की बटाट्याच्या जागी कच्चे केळे येते आणि आपले काम होते. वऱ्हाडी खानावळीत तो शब्द पुरत नाही. तिथे जिन्नस जिन्नस बोलावे लागते, आणि बोलता बोलता ओळख होते. तेव्हापासून मी आदल्या दिवशी फोन करतो आणि सकाळी वाटण होण्याआधीची वेळ मागतो. चौथ्या फेरीपासून सौ. देखील येऊ लागल्या. त्यांचे प्रश्न माझ्याहून नेमके असतात आणि दहाव्या मिनिटाला त्या स्वयंपाकघरात पोहोचलेल्या असतात.

असे करत करत वही भरू लागली. मूर्तिजापूरला कळण्याची भाकरी खाल्ली. कळणा म्हणजे ज्वारीत उडीद मिसळून दळलेले पीठ, म्हणून तिच्यासोबत कच्चे दही-ताक घेतले नाही. तेल आणि तिखट पुरले. अंबाडीची भाजी मागायला गेलो तो श्रावणात. बाजारात जिकडेतिकडे अंबाडीच्या जुड्या आणि आपला चातुर्मास. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत थांबलो. मग अकोटच्या एका घरगुती खानावळीत तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली ती आंबट भाजी मिळाली. फोडणी हिंग-मिरचीची. वहीतील सर्वांत मोठी नोंद त्या भाजीची आहे. मुंगवडे कढीसोबत खाल्ले, पण ताक आधी तापवून मग त्यात बेसन घालण्याची विनंती करून, त्या स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, "तसंच करतो जी आम्ही." पौषात तुरीच्या हिरव्या शेंगा मीठ घालून उकडलेल्या. काही पदार्थ आवडले नाहीत, तेही लिहिले आहे. अंबाडीची भाकरी मला जड गेली.

याच ओघात एक गोष्ट मनात आली, ती लिहितो. कोणी रागावू नये. आपण कारंज्याला जातो, शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला जातो, परतवाड्यावरून मुक्तागिरीला जातो. गाडी थेट धर्मशाळेच्या दारात, जेवण भोजनशाळेत, की परतीचा रस्ता. भोजनशाळा हवीच, तिच्यामुळे प्रवासात नियम पाळता येतात. परंतु परतवाड्याच्या बाजारात मी गेल्या वर्षी आयुष्यात प्रथमच पायी फिरलो. त्याआधी त्या गावातून किती वेळा गेलो असेन, मोजता येणार नाही.

गिल्या वड्याचे काय झाले, हे सांगायचे राहिले. एका गाडीवाल्याशी मी सविस्तर बोललो. त्याने दह्याऐवजी वडा चिंचेच्या गोड पाण्यात बुडवून दिला आणि स्वतःच म्हणाला, "हा काई गिला वडा नाई झाला, काका." खरे होते. शेवटी सौ. नी घरी दही मंद आचेवर, चिमूटभर तांदळाचे पीठ लावून, न फाटेल असे तापवले, गार केले आणि त्यात वडे भिजवले. नातवाला फोनवर सांगितले : आंबट, गोड, तिखट, आणि वडा जिभेवर विरघळतो. त्याने विचारले, "पण गाडीवरचा असाच लागतो का?" तेवढा रकाना कोराच राहणार आहे. त्याचे मला दुःख नाही.

दुसरा कोरा रकाना मात्र मला छळत होता. गेल्या हिवाळ्यात कळले की दर्यापूर रस्त्यावर त्याच गावच्या महिला बचत गटाने रोडग्यांचे एक ठिकाण सुरू केले आहे. माघातल्या दुसऱ्या शनिवारी आम्ही दोघे दुपारी दोन वाजता पोहोचलो. पत्र्याचे छप्पर, शेणाने सारवलेली जमीन, मागे गोवऱ्यांचा विस्तव. तरुण मुली वाढत होत्या आणि विस्तवाजवळ एक वृद्ध बाई चिमट्याने रोडगे फिरवीत बसल्या होत्या. मी गावातल्या त्या शेतकऱ्याचे नाव घेतले. त्या म्हणाल्या, "आमचे मालक. जाऊन आठ वर्सं झाले."

मी त्यांना सारे सांगितले : जीप, तपासणी, परत नेलेली परात. सांगताना माझा घसा दाटला होता. त्यांनी लक्षपूर्वक ऐकले, डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली. त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हते. "लय साहेब आले न् गेले, भाऊ," त्या म्हणाल्या. तीस वर्षे मी ज्या ओझ्याखाली होतो, त्याची त्यांच्या लेखी नोंदच नव्हती.

मग त्यांनी सौ. ना विचारले, काय चालते आणि काय नाही. सौ. नी सांगितले. वांगी बाजूला गेली. तुरीचे साधे वरण, हिंग आणि जिरे, वेगळ्या पातेल्यात चढले. "येळ लागंन," त्या म्हणाल्या. मी घड्याळ पाहिले आणि सूर्यास्ताच्या आत जेवण आटोपायला हवे, असे सांगितले. त्यांनी पत्र्याच्या कडेतून पश्चिमेकडे पाहिले, दोन कच्चे रोडगे विस्तवाच्या मधोमध सरकवले आणि म्हणाल्या, "हाय अजून दिस. बसा."

साडेचारला ताट आले. रोडगा त्यांनी आपल्या हाताने फोडला, आतले पदर सुटे केले आणि त्यांवर तूप ओतले.