टायर निवडतांना

मोटारीविषयी आम्ही लेखणी उचलावी हे वाचकांस विचित्र वाटेल. आमचे आयुष्य शाळेत संस्कृत शिकविण्यात गेले. वाहन म्हणाल तर एक स्कूटर. परंतु यंदा वैशाखात आमच्या पुतण्याने दोन आसनांची एक जुनी, वेगवान मोटार घरी आणली. तिचे चारही टायर झिजलेले निघाले, आणि नवे कोणते घ्यावे हा प्रश्न रात्रीच्या पंगतीत येऊन बसला. एकत्र कुटुंबात कोणताही प्रश्न एकट्याचा राहत नाही. "काळे आणि गोल असले म्हणजे झाले," असा निकाल आमच्या मातोश्रींनी तत्काळ दिला.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने आम्हांस मोटारीपाशी नेऊन टायरच्या बाजूवरील अक्षरे दाखविली. पुढे २२५/४० आर १८, मागे २५५/३५ आर १८. आम्हांस व्याकरणातील सूत्रांची आठवण झाली. अक्षरे थोडी, पण एकही निरर्थक नाही. २२५ ही मिलिमीटरमधील रुंदी. ४० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या शेकडा ४०. 'आर' म्हणजे आतील धागे त्रिज्येच्या दिशेने घातलेले. १८ हा धातूच्या चाकाचा इंचांतील व्यास. गणित करून पाहिले तेव्हा पुढील टायरची बाजू ९० मिलिमीटर व मागील सुमारे ८९ भरली. रुंदी निराळी, तरी उंची जवळजवळ सारखी! पुढे भाराचा अंक व वेगाचे अक्षर असते: 'व्ही' असेल तर ताशी २४० किलोमीटर, 'डब्ल्यू' असेल तर २७०. एवढ्या वेगाने कोणी जावे असे नव्हे. परंतु मोटार बांधणाऱ्याने सांगितलेल्या अक्षराच्या खाली उतरू नये, हे शहाणपण.

पुतण्याचे मन शर्यतीच्या मैदानावरील टायरवर बसले होते. त्यांचे रबर मऊ, म्हणून कोरड्या रस्त्यास घट्ट धरते; मात्र ते चांगले तापल्याशिवाय तो गुण प्रकट होत नाही, आणि झिजतेही लवकर. शिवाय खाचा अगदी कमी. आम्ही विचारले, "श्रावणात आंबा घाटातून रत्नागिरीस जावयाचे, तेव्हा पाणी कोठून निघावे?" खाचांतून पाणी बाहेर पडले नाही तर टायर पाण्याच्या थरावर तरंगतो; मग सुकाणू फिरवूनही मोटार वळत नाही. एवढी जड मोटार, पण प्रत्येक चाकाखाली जमिनीस टेकतो तो भाग जेमतेम तळहाताएवढा. सारा संसार त्या चार तळहातांवर.

एवढ्यात एका दुकानदाराने कोरे टायर जवळजवळ निम्म्या किमतीत देऊ केले. घरात आनंद झाला. आम्ही चष्मा लावून टायरच्या बाजूवरील चार अंक वाचले: २३१९. पहिले दोन आठवड्याचे, पुढील दोन वर्षाचे. म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातील माल. रबर न वापरताही वर्षांगणिक कठीण होत जाते. आम्ही "नको" म्हटले. पुतण्या म्हणाला, "काका, अहो एवढी बचत होते आहे!"

त्या शब्दाने आम्हांस १९९६ सालचा आषाढ आठवला. स्कूटरचा मागील टायर गुळगुळीत झाला होता. पत्नीने दोनदा सांगितले. आम्ही "दिवाळीनंतर पाहू" म्हणून पैसे वाचविले. रंकाळ्याच्या वळणावर पावसात गाडी घसरली. आम्ही खरचटण्यावर सुटलो. मागे बसलेल्या धाकट्या बंधूचा पाय मोडला. तो आजही किंचित लंगडतो. इतक्या वर्षांत त्याने त्याविषयी अवाक्षर काढले नाही, आणि आम्हीही कधी क्षमा मागितली नाही. हा पुतण्या त्याचाच मुलगा.

त्या रात्री पंगतीत आम्ही ते सर्व प्रथमच सांगितले. कोणी काही बोलले नाही. मातोश्रींनी बंधूच्या ताटात भात वाढला.

अखेर रस्त्यावर चालविण्याच्या जातीचे, ओल्या रस्त्यासाठी भरपूर खोल खाचांचे, त्याच वर्षी तयार झालेले चार टायर घेतले. चारही एकाच कंपनीचे व एकाच नक्षीचे. खाचा १.६ मिलिमीटरपर्यंत झिजल्या म्हणजे कायद्याने टायर बाद. पण पावसाळ्याच्या तोंडावर तोपर्यंत थांबावयाचे नाही, असे पुतण्याकडून वदवून घेतले. हवा सकाळी, टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरील कागदात दिल्याप्रमाणे भरावयाची. एका टायरचे पैसे आम्ही निवृत्तिवेतनातून दिले. पुतण्या नको म्हणत होता. त्याच्या वडिलांनी मात्र ते निमूटपणे घेऊ दिले.

श्रावणात पितापुत्र रत्नागिरीस निघाले. बंधू आधी मोटारीभोवती फिरला, एका चाकापाशी पाय सांभाळीत वाकला आणि म्हणाला, "दादा, तारीख वाचलीस ना?"

"चारही टायरवरची वाचली," आम्ही म्हणालो.

"मग झाले," असे म्हणून तो आत बसला.