१८३६ सालच्या लोहाराशी झालेले बोलणे

सीमावर्ती अमेरिकेविषयीच्या या मालिकेत आज थोडे स्वतःविषयी.

गेल्या उन्हाळ्यात मामाकडे इंडियानाला गेलो असता कॉनर प्रेअरी हे संग्रहालय पाहिले. तिथल्या प्रेअरीटाउन या वस्तीत साल कायम १८३६ असते. लोहार, कुंभार, शाळामास्तर त्या काळच्या पोशाखात वावरतात आणि पुढचे काहीच ठाऊक नसल्यासारखे बोलतात.

भट्टीपाशी उभा असलेला लोहार मला कालव्यांविषयी सांगू लागला. राज्याने यंदाच कायदा केला आहे, कालवे येतील, रस्ते येतील, लोहमार्गसुद्धा! १८३७ च्या मंदीत हे सारे कोलमडणार आणि राज्य कर्जात बुडणार, हे मला ठाऊक होते. त्या कायद्याविषयी मी पुष्कळ वाचले होते. त्यामागची आशा प्रथमच कानांनी ऐकली.

परंतु ही जागा ज्याच्या नावाने ओळखली जाते तो विल्यम कॉनर कातड्यांचा व्यापारी होता. त्याची पत्नी मेकिंजेस ही लेनापी जमातीतली. त्यांना सहा मुले झाली. १८१८ च्या सेंट मेरीज तहान्वये लेनापींनी इंडियानातील भूमी सोडण्याचे मान्य केले. त्या वाटाघाटींत खुद्द कॉनर मध्यस्थ होता. १८२० मध्ये मेकिंजेस मुलांसह आपल्या लोकांबरोबर पश्चिमेकडे निघून गेली. कॉनर मागेच राहिला, त्याच वर्षी त्याने एलिझाबेथ चॅपमनशी विवाह केला आणि १८२३ मध्ये विटांचे घर बांधले. ते घर आजही उभे आहे.

संग्रहालयाने लेनापींची छावणीही साकारली, ती १८१६ सालची. तह आणि निर्गमन दोन्ही १८१६ आणि १८३६ यांच्या मधल्या फटीत पडतात. तिथले सांगायचे तर पात्राला आपले साल सोडून बाहेर यावे लागते.

आणि ते किती अवघड असते, हे मी जाणतो. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका किल्ल्यावर मी मावळ्याच्या वेशात शाळकरी मुलांना गड दाखवत होतो. एका मुलीने विचारले, “दादा, दुष्काळ पडला की गडाखालची माणसं काय खायची?” मला माहीत नव्हते. पण अंगात अंगरखा होता, डोक्यावर पागोटे होते. मावळ्याला हे ठाऊक नसावे, हे शोभेना. मी काहीतरी ठोकून दिले.

तिने ते वहीत लिहून घेतले.