रकान्यात मावणारे नाव

कन्हान, पेंच आणि कोलार या नद्यांच्या संगमाशेजारी 1821 साली इंग्रजांची छावणी पडली आणि छावणीपाठोपाठ जे जे येते ते सारे यथाकाल कामठीस आले. बाजार आला, गिरजाघरे आली, मोहल्ले वसले, हातमाग खटखटू लागले, आणि जिथे सरकार असते तिथे अटळपणे उगवणारा अर्जनवीसही आला. आपले गाऱ्हाणे साहेबापुढे आपल्याच तोंडाने मांडण्याची ज्याला छाती होत नसे, त्याच्या वतीने ‘मेहेरबान हुजुरांस’ मजकूर रचून देणारा हा गृहस्थ विस्मृतीत गेला असला, तरी त्याची विद्या मात्र गेली नाही. तहसील कचेरीच्या आवाराबाहेर, स्टुलावर यंत्र ठेवून बसणाऱ्या टायपिंगवाल्याने ती उचलली, आणि पुढे आपल्या गावातली किती मुले त्याच्या बोटांतून पार होऊन नागपूरच्या ‘मेडिकल’ला गेली, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात मिळायचा नाही.

वैद्यकीय महाविद्यालयाचा अर्ज हा साऱ्या अर्जांतला मानकरी होय. नागपुरास रॉबर्टसन मेडिकल स्कूल 1914 पासून होते खरे, पण पदवी हवी असलेल्या मुलास मुंबई-कलकत्त्याकडे पाहावे लागे. 1947 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि कामठीच्या विणकराच्या अथवा विडी वळणाऱ्या बाईच्या घरातही ही आकांक्षा आगगाडीच्या एका तिकिटाइतकी जवळ आली. पुढे बारावीच्या गुणांवर प्रवेश ठरू लागले, त्या वर्षांत निकाल हाती येताच घरोघर एकच धांदल उडे. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवासाचा, उत्पन्नाचा, जातीचा दाखला, त्या प्रत्येकाची नक्कल, आणि त्या नकलेवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही व गोल शिक्का मिळवण्यासाठी भर उन्हात घातलेल्या खेपा! ज्यास राजपत्रित अधिकारी ओळखीचा नाही त्याच्या कागदाच्या खरेपणावर सरकारचा विश्वास का नसावा, हे कोडे मला कधी उलगडले नाही. 2015 च्या सुमारास महाराष्ट्र सरकारने स्वयंसाक्षांकनास मान्यता दिली, तेव्हा सरकारलाही ते उलगडले नसावे असे वाटले.

छापील अर्ज टंकयंत्रावर भरणे ही कला होती, आणि ती शिकवण्याचे कोणत्याही टंकलेखन संस्थेच्या मनात येत नसे, कारण तिथला सारा भर मिनिटाला तीस की चाळीस शब्द यावर. यंत्राच्या ओळींमधले अंतर आणि छापखान्याच्या ठिपक्यांच्या ओळींमधले अंतर यांचा मेळ कधी बसत नाही. म्हणून तो टायपिंगवाला रूळ सैल करी, कागद नजरेने जोखून केसभर वर सरकवी, एक डोळा मिटून ठिपके आणि फितीखालची कड एका पातळीत आणी, आणि मगच पहिले अक्षर आपटी. मोठी अक्षरे, काळी शाई, दोन शब्दांत एकच मोकळी जागा. चूक झाली तर पांढरा द्रव फासण्यास तो राजी नसे. माग चालवणारा माणूस तुटलेला धागा सांधताना गाठ उलट्या अंगास लपवतो, पण अर्जात नेमके उलट करावे लागते, असे तो म्हणे: चुकीवर एकच सरळ रेघ ओढावी, खालचे अक्षर वाचता यावे, आणि शेजारी आपली सही करावी, कारण जिथे पांढरे फासले आहे तिथे काय होते, हा संशय तपासनिसाच्या मनात एकदा शिरला की पुढचे सारे दाखले खोटे दिसू लागतात.

मग अर्ज टंकलिखित बरा की हस्तलिखित? रकाने असतील तिथे मी निःशंकपणे यंत्राच्या बाजूचा आहे. शेकडो अर्जांचा ढीग उपसणारा कारकून हाही कुणाचा तरी बाप असतो, संध्याकाळी त्याचेही डोळे चुरचुरतात, आणि त्याला 1 आणि 7 यांत अडखळायला न लावणे एवढाच सुवाच्यतेचा खरा अर्थ आहे. वळणदार अक्षर म्हणजे निर्मळ चारित्र्य, ही जी आपल्या कित्ता गिरवणाऱ्या पिढ्यांची समजूत, ती मला मान्य नाही. टाक-दौत ज्यांच्या घरात तीन पिढ्या होती त्यांनी ती पसरवली. परंतु जिथे माणसाने स्वतःविषयी काही सांगायचे असते तिथे मात्र माझे मत फिरते, आणि त्याला कारण आनंदीबाई जोशी. जून 1883 मध्ये, अमेरिकेत पाऊल ठेवून महिनाही झाला नव्हता, अशा वेळी अठरा वर्षांच्या या मुलीने फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयास स्वहस्ते पत्र लिहिले. प्रवेशाच्या अटींत आपले शिक्षण पुरते बसत नाही हे तिने त्यात लपवले नाही. काय शिकले आहे ते सांगितले, आणि पुरुष वैद्यास अंगास हात लावू देण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींसाठी आपण आलो आहोत हे सांगितले. ते पत्र तिथल्या दप्तरखान्यात आजही जपलेले आहे. छापील रकाने तिच्यापुढे ठेवले असते तर त्यांतले कितीतरी कोरे राहिले असते. 1886 च्या मार्चात मात्र ती पदवी घेऊन उभी होती.

आता अर्ज संगणकावर भरतात, तेव्हा सुवाच्यतेचा प्रश्न मिटला असे कुणी म्हणेल. छायाचित्र पांढऱ्या पार्श्वभूमीवर, दोन्ही कान दिसणारे. सही आणि अंगठ्याचा ठसा ठरल्या मापात. यंत्राला न रुचल्यास तांबड्या अक्षरांत नकार. पण वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या अर्जात नाव दहावीच्या प्रमाणपत्राबरहुकूम हवे, आणि कामठीसारख्या गावात खरी खाडाखोड तिथेच सुरू होते. आमच्याकडे एकाच मुलाचे नाव घरी उर्दूत, दाखल्यावर मराठीत आणि गुणपत्रिकेवर इंग्रजीत लिहिलेले असते. एके ठिकाणी मोहम्मद, दुसरीकडे मुहम्मद, तिसरीकडे नुसतेच ‘मो.’ आणि पुढे एक टिंब. शेजारच्या आळीत वानखेडे आणि वानखडे हे सख्खे भाऊ निघतात. त्यात आपल्या राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आणि आधार कार्डावर शेवटी! मग बाप मजुरी बुडवून तहसील कचेरी गाठतो आणि वरील दोन्ही नावे एकाच इसमाची असल्याचे प्रतिज्ञेवर लिहून देतो. बालवाडीच्या दारात कुणा घाईतल्या गुरुजींनी ऐकू आले तसे जे स्पेलिंग नोंदवले, ते मुलाला परीक्षेच्या प्रवेशपत्रावर, मग पदवीवर आणि शेवटी दवाखान्याच्या पाटीवर बाळगावे लागते. घरात आई हाक मारते ते नाव यांपैकी एकाही कागदावर नसते, आणि त्याविषयी तिची कधी तक्रारही नसते.