बर्फावरचा सालगडी

आपल्या कौटुंबिक पानावर बर्फावरच्या शर्यतीचा विषय पाहून काही वाचक म्हणतील, या कारकुनाला हे काय सुचले? आपल्याला बर्फ माहीत तो रसवंतीवाल्याने गोणपाटात गुंडाळून ठेवलेला. त्या बर्फावरून माणसे उतारावर झेपावतात आणि त्याच्या शर्यती लागतात, हे ऐकून आमची आक्का आधी हसली आणि मग रडकुंडीला आली. कारण झेपावणारी तिची स्वतःची मुलगी होती.

माझी ही भाची नॉर्वे देशात शिकते. सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तीवर गेली आहे. त्या देशात टेलेमार्क नावाचा डोंगराळ भाग आहे, त्यात बो म्हणून गाव आहे. तिथल्या विद्यापीठात ती पर्यावरणाचा अभ्यास करते. आक्का सरकारी दवाखान्यात आया आहे, मेहुणे हयात नाहीत. उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, जामीनदारांच्या सह्या यासाठी मी कचेरीतून रजा टाकून सहा महिने फेऱ्या मारल्या होत्या. तेव्हा त्या मुलीच्या हातापायांची काळजी करण्याचा थोडा हक्क मलाही आहे, असे मी समजतो. दुसऱ्या हिवाळ्यात तिने फोनवर सांगितले, "मामा, मी टेलेमार्कच्या शर्यतीत नाव दिलंय." आक्काने फोन माझ्या हातातून घेतला. "तुला शिकायला पाठवलंय का घसरायला? पाय मोडला तर तुझा प्रबंध कोण लिहील? हे बड्या लोकांचे चोचले आपल्याला कशाला?"

आक्काचे म्हणणे वेडेपणाचे नव्हते. शिष्यवृत्तीची मुदत ठरलेली असते. श्रीमंताच्या मुलाचा पाय मोडला तर त्याची सुट्टी वाया जाते, आपल्या मुलीचा मोडला तर वर्ष जाते आणि त्याबरोबर बरेच काही जाते. पण पोरीने दिलेले उत्तर मला विसरता येत नाही. ती म्हणाली, "आई, हा खेळ बड्या लोकांचा नाही. तो एका सालगड्याच्या पोराने घडवलाय. मी त्याचं घर बघून आले."

त्या माणसाचे नाव सोंद्रे नॉरहाइम. जन्म १८२५ चा, टेलेमार्कमधल्या मोर्गेदाल गावचा. त्या काळी नॉर्वेत 'हुसमान' नावाचा वर्ग होता. मोठ्या शेतकऱ्याच्या जमिनीच्या कडेला एक झोपडी आणि ओंजळभर शेत कसायला मिळायचे, मालकी नाही. त्याच्या बदल्यात मालकाच्या शेतावर राबायचे. आपल्याकडचे कूळ आणि सालगडी एकत्र करा, म्हणजे हुसमान झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्या देशात अशी हजारो कुटुंबे होती. त्यांनी मुकाट सोसले असेही नाही. १८४८ पासून मार्कुस त्राने नावाच्या माणसाने मजूर, कारागीर आणि हुसमान यांच्या संघटना बांधल्या. १८५० साली सुमारे तेरा हजार सह्यांचे निवेदन राजाकडे गेले. त्यात एक मागणी मतदानाच्या हक्काची होती. १८५१ मध्ये त्रानेंना पकडून तुरुंगात टाकले आणि चळवळ मोडली. निवेदन, सह्या, मोर्चा आणि मग अटक, हा क्रम आपल्याला काही परका नाही.

सोंद्रे त्या वेळी पंचविशीत होता. अशाच एका हुसमानाच्या घरात, डोंगराच्या अंगावरच्या ओव्हरबो नावाच्या लाकडी झोपडीत तो जन्मला होता. भाचीने फोटो पाठवला आहे. आपल्या चाळीतल्या दोन खोल्या एकत्र केल्या तर तेवढे होईल. दाराबाहेर पाऊल टाकले की उतार. तिथे सहा-सहा महिने बर्फ, त्यामुळे पायाला लाकडाच्या लांब फळ्या बांधून चालणे ही रोजची गरज. या फळ्यांना स्की म्हणतात. स्की काही सोंद्रेने शोधले नाहीत, ते हजारो वर्षांचे जुने आहेत. पण जुन्या स्कीवर पायाचा फक्त पंजा एका पट्ट्यात अडकवलेला असे. सरळ चालायला ते ठीक, पण उतारावर वळायला गेले की पाय एकीकडे आणि फळी दुसरीकडे. उडी मारली तर फळी हवेतच सुटायची.

सोंद्रेने काय केले, तर झाडाच्या लवचिक मुळ्या आणि काटक्या पिळून त्यांचा पीळदार पट्टा केला आणि तो टाचेमागून फिरवून बांधला. आता फळी पायाला धरून राहू लागली, पण टाच मात्र वर उचलता येत होती. चालताना चप्पल जशी पंजाशी धरलेली असते आणि टाच मोकळी उठते, तसे समजा. शिवाय त्याने फळी मध्यभागी थोडी बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद तासली, म्हणजे ती कलती केली की आपोआप वळण घेते. मुळ्या जंगलातल्या, हत्यारे घरातली. विकत घेण्यासारखे त्यात काही नव्हते, आणि विकत घ्यायला त्याच्याकडे काही नव्हतेही.

या बांधणीतून जे वळण निघाले ते टेलेमार्क वळण. एक पाय पुढे सरकवायचा, मागच्या पायाची टाच उचलायची, दोन्ही गुडघे वाकवून एक गुडघा जवळजवळ बर्फाला टेकवायचा आणि अशा अर्ध्या बैठकीत वळायचे. पुढचे वळण आले की पाय बदलायचे. भाचीने मोबाईलच्या पडद्यावर खोलीतल्या खोलीत करून दाखवले. आक्का पाहत होती. ती म्हणाली, "अगं, हे तर मी वॉर्डात रोज करते. फरशी पुसताना असंच एक गुडघा टेकून सरकावं लागतं." पोरगी इकडून तिकडे हसली. तरी आक्काने परवानगी दिली नाही.

मग मी आक्काला १८६८ सालची हकीगत सांगितली. त्या वर्षी फेब्रुवारीत राजधानीत, म्हणजे क्रिस्तियानिया शहरात (आजचे ओस्लो), स्कीची स्पर्धा झाली. सोंद्रे बेचाळीस वर्षांचा होता. माझ्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्या, दोन जिने चढून दम लागणाऱ्या माणसाने हे वाक्य जरा थांबून वाचावे. तो मोर्गेदालहून राजधानीपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटर स्कीवरूनच गेला आणि मग स्पर्धेत उतरला. शहरातली माणसे एका लांब काठीवर भार टाकून घसरत येत. हा काठीशिवाय आला, उडी मारली, गुडघा वाकवून अलगद उतरला आणि वळून उभा राहिला. पहिले बक्षीस त्यालाच मिळाले. आज दूरदर्शनवर ऑलिम्पिकमधल्या स्कीच्या उंच उड्या दाखवतात. त्यात उडी संपताना एक पाय पुढे, एक मागे ठेवून उतरावे लागते, नाहीतर पंच गुण कापतात. त्या उतरण्याचे नाव अजूनही 'टेलेमार्क' असेच आहे. आणि स्लालम हा शब्दसुद्धा मोर्गेदालच्या बोलीतला. 'स्ला' म्हणजे उतार, 'लोम' म्हणजे स्कीची वाट. गावंढळ म्हणून हिणवली जाणारी बोली जगाच्या शब्दकोशात जाऊन बसली, याचा मला जिंकण्याहून जास्त आनंद होतो.

पुढे टाच घट्ट बांधणारे आणि पोलादाच्या कडांचे स्की आले, डोंगरावर माणसाला वर खेचून नेणारे पाळणे आले आणि टेलेमार्क मागे पडले. १९७० नंतर अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या डोंगरात काही तरुणांनी ते पुन्हा उचलले. १९९५ साली आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने त्याच्या शर्यतींना मान्यता दिली. विश्वचषक होतो, जागतिक अजिंक्यपद होते, पण ऑलिम्पिकने या शर्यतींना अजून दार उघडलेले नाही.

या शर्यतीचा एक नियम मला फार आवडला. नुसते लवकर पोचून भागत नाही. उतारावर काठ्या रोवून फाटके केलेली असतात. प्रत्येक फाटकाशी वळताना टेलेमार्कची बैठक हवीच. दोन पावलांमध्ये बुटाच्या लांबीइतके अंतर हवे आणि मागची टाच उचललेली हवी. पंच उतारावर जागोजाग उभे असतात. बैठक नीट नसेल तर प्रत्येक वळणामागे एक सेकंद वाढतो. मध्ये एक उडी असते, तीही ठरलेल्या अंतरापलीकडे पडायला हवी. एक मोठे गोल वळण असते, त्याला तिथे 'दोरीचा फास' अशा अर्थाचे नाव आहे. बर्फाचा काठ उंच बांधलेला असतो, त्यावरून पूर्ण फेरा मारून पुन्हा वाटेला लागायचे. आणि शेवटी उतार संपला की सपाटीवर हातात काठ्या घेऊन पायाने रेटत धावायचे. तोवर मांड्या पेटलेल्या असतात. थोडक्यात, पहिला येणारा जर वाकायला विसरला तर तो पहिला राहत नाही.

भाचीची शर्यत एवढी मोठी नव्हती. लिफियेल नावाच्या डोंगराच्या उतारावर हौशी लोकांची होती, एक उडी, एक लहान फास आणि वीसेक फाटके. स्की तिने विकत घेतले नाहीत. त्या देशात गावोगाव खेळाचे साहित्य फुकट वापरायला देणारी केंद्रे आहेत, साधे स्की तिने पहिल्या वर्षी तिथूनच आणले. टेलेमार्कचे जुने स्की आणि बूट एका शेजारच्या आजोबांनी दिले. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत चाळीस मुलांमागे एक कॅरम बोर्ड आहे आणि त्याचा स्ट्रायकर हरवला आहे. असो, तो वेगळा विषय आहे.

शर्यतीच्या दिवशी तापमान उणे चौदा होते. आपल्याला उणे म्हणजे बँकेच्या खात्यातले माहीत! एवढ्या थंडीत बर्फ घसरडा असतो असे आपल्याला वाटते, पण प्रत्यक्षात उलटे घडते. बर्फाचे कण कडक आणि टोकदार होतात, वाळूवर फळी ओढल्यासारखी वाटते. म्हणून फळीच्या तळाला तापमानाप्रमाणे वेगवेगळे मेण इस्त्रीने वितळवून लावतात. पहिल्या हिवाळ्यात ती आक्काने दिलेली सुती बनियन घालून सरावाला गेली होती. चढताना घाम आला, सुती कापडाने तो धरून ठेवला आणि थांबल्याबरोबर अंगाला गारठा झोंबला. आता आतून लोकर, वरून वारा न शिरणारा कोट. बोटे तर सारखी हलवतच राहावी लागतात, नाहीतर बुटाच्या कड्याही लावता येत नाहीत. आणि तिथली एक रीत तिने सांगितली ती ऐका. स्वतःचे गाल, नाक गोठत असले तर आपल्याला कळत नाही, कारण दुखणेच थांबते. म्हणून रांगेत उभे असताना शेजारचा शेजारच्याचे तोंड पाहतो. पांढरा डाग दिसला की सांगतो. मग उबदार तळहात त्यावर धरायचा, चोळायचे नाही. हिच्या डाव्या गालावर डाग आला तो तिच्या पुढे उभ्या असलेल्या प्रतिस्पर्धी मुलीनेच दाखवला आणि स्वतःचा हातमोजा काढून हात धरला. दोन मिनिटांनी त्या दोघी एकमेकींविरुद्ध घड्याळ लावून उतरल्या.

सुटण्याच्या क्षणी कोट काढून ठेवावा लागतो. ती म्हणाली, "मामा, तेव्हा वाटलं आई बरोबर सांगत होती." पण शिटी झाल्यावर मागे जाता येत नाही. उडी कमी पडली. फासात ती एका हातावर टेकली, पण पडली नाही. चार वळणांत बैठक चुकली, त्याचे चार सेकंद वाढले. एकवीस जणींत अठरावी आली. तिच्यामागे तीन होत्या आणि त्या तिन्ही तिथेच जन्मलेल्या, हे आक्काने शेजारणीला सांगताना मी ऐकले आहे. आधी मात्र तिचा पहिला प्रश्न होता, "दोन्ही पायांवर उभी राहून दाखव."

सोंद्रेचे पुढे काय झाले हेही आक्काने विचारले. मोठा माणूस झाला असेल ना? तसे काही झाले नाही. बक्षिसाने जमीन मिळत नाही. मोर्गेदालच्या इतर तरुणांनी राजधानीत जाऊन स्की शिकवण्याची शाळा काढली, कौशल्याचे नाव झाले. सोंद्रे मात्र १८८४ साली, साठीच्या उंबरठ्यावर, बायकोमुलांसह अमेरिकेला गेला आणि शेवटी नॉर्थ डाकोटा राज्याच्या माळरानावर राहिला. तिथे नजर पोचेल तिथवर सपाटी. हिमवर्षाव भरपूर, पण उतार नाही. तरी त्याच्या दाराशी स्की उभे असत, असे सांगतात. १८९७ मध्ये तो वारला. डेनबिग गावच्या दफनभूमीत त्याला पुरले. कबरीवर दगड बसायला १९६६ साल उजाडले.

त्याआधी १९५२ मध्ये ओस्लोच्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी मशाल पेटवायची होती. ती पेटली ओव्हरबोच्या त्याच झोपडीतल्या चुलीत. पेटवणारा म्हातारा मोर्गेदालचाच, उलाव बियोलांद, जो १९११ साली अमुंडसेनबरोबर दक्षिण ध्रुवावर पोचला होता. नव्वदहून अधिक स्कीवाल्यांनी हातोहात ती राजधानीला नेली, म्हणजे सोंद्रे एकटा गेला होता तिथेच. मोर्गेदालला या गोष्टीचा अभिमान आहे आणि असावा. पण त्या चुलीवर शिजवायला काय होते म्हणून तो देश सोडून गेला, हेही तिथल्या पाटीवर ठळक लिहायला हवे, असे माझे मत मी भाचीला कळवले आहे. तिने उत्तर दिले की मामा, प्रबंध संपू दे, मग पाटी बघू.

मार्चच्या शेवटी आणखी एक शर्यत आहे. आक्काने अजून हो म्हटलेले नाही. पण दवाखान्यातल्या एका सिस्टरकडून सुया आणून ती रात्रपाळीच्या मधल्या वेळात लोकरीचे हातमोजे विणते आहे. उजवा झाला आहे. त्याचा अंगठा थोडा मोठा आला, तो उसवून पुन्हा घालते म्हणाली.