शिसवी मूठ

सैन्यातून निवृत्त होऊन हिंगोलीजवळच्या माझ्या गावी परतलो, तेव्हा वडिलांची शेती आणि हळदीची खरेदी दोन्ही माझ्याकडे आली. वसमतच्या आणि हिंगोलीच्या बाजारातून रोख रक्कम घेऊन अंधारात गावाकडे यावं लागे. त्या कारणासाठी मी शस्त्र परवान्याचा अर्ज केला. कारण खरंच होतं, पण मनात एक जुनी हौसही होती. अंगठ्याने घोडा मागे ओढल्याशिवाय चालणारच नाही असं जुन्या धाटणीचं रिव्हॉल्व्हर मला माझ्या हाताच्या मापाने करवून घ्यायचं होतं.

अमेरिकेतल्या कोल्ट कंपनीने 1873 साली तिथल्या सैन्यासाठी असं रिव्हॉल्व्हर आणलं. त्यात चापाला एकच काम असतं, चढवलेला घोडा सोडणं. घोडा चढवायचा तो दर गोळीला आपणच. म्हणजे प्रत्येक बाराआधी माणसाला क्षणभर थांबावंच लागतं, आणि मला त्यातलं हेच सगळ्यात जास्त पटलं होतं. तिकडे आजही निवडक कारागीर नळीची लांबी, बोअर, मुठीचं लाकूड असं गिऱ्हाइकाला विचारून एकेक रिव्हॉल्व्हर घडवतात.

हिंगोलीला बंदूक नवी नाही. निजामाच्या राज्यातल्या हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी इथे 1903 पर्यंत होती आणि आज राज्य राखीव पोलीस दलाचा बारावा गट इथे आहे. मीही उमेदीची वर्षं रायफल खांद्यावर घेऊन काढली. पण ती सगळी शस्त्रं गणवेशातली. त्यांच्यामागे हुकूम असतो, शस्त्रं ठेवायचं कोत असतं, रोजची मोजणी असते. साध्या कपड्यातल्या माणसाकडे शस्त्र येतं तेव्हा हे सगळं त्याला एकट्यालाच पाळावं लागतं. पोलीस पडताळणी, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण आणि मग जिल्हाधिकारी कार्यालयातली सुनावणी हे टप्पे मला म्हणूनच जाचक वाटले नाहीत.

परवाना हातात आल्यावर नांदेडच्या एका शस्त्रविक्रेत्यासमोर मी माझी हौस मांडली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"फौजी साहेब, परदेशातून मागवणं सामान्य परवानेदाराला केव्हाच बंद झालंय," ते म्हणाले. "अडतीस, चारशे पंचावन्न, नऊ एमएम या बोअर नागरिकाला मिळत नाहीत. तुमच्यासाठी बत्तीस. कानपूरच्या कारखान्यातलं घ्या."

ओळखीतल्या एकाने मात्र वेगळीच वाट सुचवली. म्हणाला, "कशाला एवढी खटपट? पाहिजे तसं करून देणारे लोक आहेत." त्याला तिथेच थांबवलं. विनापरवाना शस्त्र बनवणाऱ्याला शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. शिक्षेचं सोडा, ज्या शस्त्राची कुठेच नोंद नाही त्याने उद्या काय केलं याचा जाब कुणाला विचारायचा?

मी कानपूरच्या रिव्हॉल्व्हरची नोंदणी केली. ते आलं तेव्हा पाहिलं, तर घडण ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या वळणाची. वरची कडी दाबली की नळी पुढे झुकते, सहा घरांचं सिलिंडर उघडं पडतं आणि रिकामी काडतुसं आपोआप वर उचलली जातात. तीन इंची नळी, वजन जेमतेम पाऊण किलो. नुसता चाप ओढूनही ते चालतं, पण ती ओढ जड आणि लांब असते. अंगठ्याने घोडा चढवला की तोच चाप बोटाच्या हलक्या दाबाने सुटतो आणि नेमही जास्त स्थिर राहतो. माझी हौस अशी अर्धी भागली. मी सराव करतो तो घोडा चढवूनच.

बोअर तर खरोखरच जुनी निघाली. बत्तीसचं हे लांब काडतूस स्मिथ अँड वेसन कंपनीने 1896 साली बाजारात आणलं. जगात पोलिसांनी आणि सैन्यांनी पुढे मोठी काडतुसं उचलली, तरी आपल्याकडे कायद्याने नागरिकासाठी हेच टिकवून धरलं. आमची ही काडतुसं बनतात ती आपल्या पुण्याजवळच्या खडकीला, 1869 सालच्या दारूगोळा कारखान्यात. पितळी बुडावर 'केएफ' अशी बारीक अक्षरं असतात. किती काडतुसं बाळगायची याचा आकडा परवान्यावर लिहिलेला असतो आणि प्रत्येक खरेदीची नोंद होते.

आता माझ्या मापाचं करण्याजोगी उरली ती फक्त मूठ. नळीला, नंबराला, आतल्या यंत्राला हात लावायचा नाही. गावातल्या सुतारकाकांकडे रिव्हॉल्व्हर न नेता मुठीचे दोन पल्ले तेवढे स्क्रू काढून नेले. वाड्यातल्या मोडक्या पलंगाचा शिसवी पाय त्यांना दिला. त्यांनी माझा पंजा पाटावर ठेवून पेन्सिलीने रेघ मारली. मग करवत, मग कानस, मग पॉलिश पेपर. करंगळीला टेकायला जागा हवी म्हणून खालचं टोक जरा पसरट ठेवलं. शेवटी जवसाचं तेल चोळलं, तेव्हा त्या काळपट लाकडातून तांबूस रेघा वर आल्या. "फौजी, हे तुमच्याशिवाय कुणाच्या हातात बसायचं नाही," काका म्हणाले.

घरात शस्त्र आलं की नातलगांच्या मागण्याही येतात. पुतण्याच्या हळदीला मंडपातूनच हाक आली, "काका, एक बार उडवा की!" मी त्याला बाजूला घेऊन नीट समजावलं. वर गेलेली गोळी कुठे तरी खाली येतेच, आणि लग्नात बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला तर आता दोन वर्षांपर्यंत तुरुंग आहे. तो थोडा वेळ रुसला, पण त्याच्या मित्रांपैकी कुणी पुन्हा विचारलं नाही.

2024 मध्ये आधी लोकसभेची आणि मग विधानसभेची निवडणूक आली. दोन्ही वेळा रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा केलं, पावती घेतली आणि आचारसंहिता संपल्यावर परत आणलं. काहींना हा अपमान वाटतो. मला वाटत नाही. हे शस्त्र माझ्या पैशाचं असलं तरी ते मला समाजाने विश्वासावर बाळगायला दिलं आहे, आणि विश्वासाचा हिशोब मागितला की तो द्यायचा असतो.

परवान्याची मुदत पाच वर्षांची असते. इतक्यात बाजारही बदलला. हळदीचे पैसे आता बहुतेक थेट खात्यात जमा होतात आणि रात्रीच्या रस्त्यावर रोख रक्कम घेऊन येण्याची वेळ फार थोडी येते. पुढच्या नूतनीकरणाच्या अर्जात गरजेचं कारण लिहावं लागेल. ते खरेपणाने लिहिता आलं नाही, तर रिव्हॉल्व्हर रीतसर जमा करून परवाना परत द्यायचा, हे मी घरी सांगून ठेवलं आहे.